मालवणी खानावळीतली शेगडी: जळक्या तेलाचे थर आणि पिवळा जाळ

मालवण तालुक्यातली एक घरगुती खानावळ. दसऱ्यापासून मे संपेपर्यंत इथे रोज दोन्ही वेळा सुरमई, बांगडे, सौंदाळे रव्यात घोळवून तळले जातात. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, पर्यटकांची वर्दळ थांबली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच शेगडीला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. खानावळ चालवणाऱ्या काकूंची तक्रार एका ओळीची होती: "भांडी काळी पडतत, आणि जाळ पिवळो येता." बर्नरभोवतीचा काळा थर घासून घासून मनगटं दुखून आली होती, थर जागचा हलला नव्हता.

काळा थर आणि पिवळा जाळ ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं वाटतात. थर निघाला की जाळ आपोआप निळा होईल, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. इथे तसं झालं नाही. शेगडी लखलखीत झाल्यावरही दोन बर्नर पिवळेच पेटले, आणि दोघांची कारणं वेगळी निघाली.

शेगडी कशाकशाची बनलेली होती

तीन बर्नरची स्टेनलेस स्टीलची शेगडी. बर्नरच्या टोप्या पितळी. त्यांच्याखाली वायू आणि हवा मिसळणाऱ्या नळ्या ॲल्युमिनियमच्या. भांडं ठेवायच्या जाळ्या इनॅमल चढवलेल्या लोखंडाच्या. बर्नरखालच्या ताटल्या ॲल्युमिनियमच्या, नॉब प्लॅस्टिकचे. साफसफाईला हात घालण्याआधी ही यादी करणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण जे इनॅमलला मानवतं ते ॲल्युमिनियमला खातं आणि जे पितळेला उजळवतं ते इनॅमलची चकाकी घालवतं. अख्खी शेगडी एकाच बादलीत बुडवायची सोय नसते.

डावा मोठा बर्नर तळणाचा. त्याच्याभोवती बोट फिरवत गेलं की थर कसा बदलत जातो ते लगेच कळत होतं. नॉबांजवळ पिवळट चिकटा, अंगठा टेकवला तर ठसा उमटेल असा, वर फडक्याचे धागे बसलेले. वीतभर आत गेलं की काकवीच्या रंगाचा चकचकीत थर, नखाने ओरखडाही पडत नव्हता. अगदी बर्नरला टेकून काळं, कोरडं खरपुडं, त्यात जळलेल्या रव्याचे दाणे खडीसारखे रुतलेले. उजव्या बर्नरवर मात्र तेल फारसं नव्हतंच. त्यावर सकाळची पेज शिजते आणि ती आठवड्यातून दोनदा तरी उतू जाते. तिथले पांढरट पापुद्रे म्हणजे वाळलेला स्टार्च. तो नुसत्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजला की सुटतो, त्याला सोडा लागत नाही.

तेल घट्ट का होतं

तेल जळून काळं होतं हे अर्धंच खरं. कोळसा होण्याच्या कितीतरी आधी ते सुकतं. पातळ पसरलेलं तेल तापलं की हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वार्निशासारखा पापुद्रा तयार होतो. जवसाचं तेल रंगात आणि वार्निशात वापरतात ते याच गुणामुळे. होडीच्या लाकडाला माशाचं तेल चोळायची किनाऱ्यावरची जुनी रीतही यावरच उभी आहे: माशाचं तेल लाकडावर सुकून आवरण धरतं.

कुठलं तेल किती सुकेल याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो: मूल्य जितकं जास्त तितकं तेल लवकर सुकतं. नारळाच्या तेलाचं मूल्य १० च्या आसपास, शेंगदाण्याचं ९० च्या आसपास, सोयाबीनचं १३० च्या आसपास, जवसाचं १७० च्या पुढे. म्हणजे रिफाइंड सोयाबीन तेलाचे शिंतोडे नारळतेलाच्या शिंतोड्यांपेक्षा कितीतरी लवकर चिकट होतात आणि मग कडक. या खानावळीत तळण सोयाबीन तेलात व्हायचं, त्यात बांगड्यासारख्या तेलकट माशाचं स्वतःचं तेलही उतरायचं. नारळतेलात तळणाऱ्या घरांतल्या शेगड्या तुलनेने सहज पुसल्या जातात, त्यामागे हे कारण आहे.

थरांप्रमाणे उपाय बदलतो. चिकट्याला भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी पुरतं. काकवीसारख्या थराला अल्कली हवी, म्हणजे सोडा: गुंतलेल्या तेलाच्या जोडांवर तो हल्ला करतो, त्यातून थोडा साबण तयार होतो आणि थर फुगून मऊ पडतो. कोळशावर मात्र कोणत्याही सोड्याची मात्रा चालत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो, पण त्याच्याखालचा थर आधी मऊ केला तर कोळसा पापुद्र्यासकट उचलला जातो. म्हणून आधी खरवडणं ही चूक, आणि बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते.

आधी काय काय करून झालं होतं

पहिला प्रयोग खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतण्याचा. फेस भरपूर येतो, म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्याला तेलाशी काही देणंघेणं नसतं. दोन्ही पदार्थ उपयोगाचे आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

दुसरा, लोखंडी तारेची घासणी. तिने स्टीलवर ओरखडे पाडलेच, शिवाय तिचे बारीक कण त्या ओरखड्यांत अडकले आणि खाऱ्या वाऱ्यात चारदोन दिवसांत गंजले. शेगडीवर चहाच्या थेंबांसारखे तांबूस ठिपके दिसत होते, ते स्टीलचे नव्हते, घासणीचे होते.

तिसरा प्रयोग सगळ्यात महाग पडला. मोरी मोकळी करायची कॉस्टिक सोड्याची पूड पाण्यात घालून ताटल्या रात्रभर त्यात ठेवल्या. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. सकाळी ताटल्या काळ्याठिक्कर आणि एकीला सुईएवढी भोकं. त्या बदलण्याखेरीज इलाज नव्हता. बंद खोलीत आणि जवळ जाळ असताना हा प्रकार धोक्याचाही आहे.

नॉबांच्या खाली स्टीलवर बारीक खड्डेही होते. तिथे ब्लीच वापरलं जात होतं. ब्लीचमधला क्लोरीन, समुद्रावरच्या हवेतलं मीठ आणि तेलाच्या थराखाली अडकलेला ओलावा, या तिघांपुढे स्टेनलेस स्टील टिकत नाही. असे खड्डे भरून निघत नाहीत. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोडवणूक

साहित्य: धुण्याचा सोडा ३६० ग्रॅम, खायचा सोडा १०० ग्रॅम, भांड्यांचा द्रव साबण, रबरी हातमोजे, चार जुने सुती फडके, नारळाचं सोडण, करवंटीचा फुटका तुकडा, नव्या झाडूचे दहाबारा हीर, मूठभर चिंच, दोन लिंबं. धुण्याचा सोडा घेताना तो पूड आहे की खडे हे बघायचं. खड्यांमध्ये निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, त्यामुळे पुडीच्या १०० ग्रॅमऐवजी खडे साधारण २७० ग्रॅम लागतात. इथले आकडे पुडीचे आहेत.

आदल्या रात्रीपासून शेगडी पेटवली नव्हती. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढला, सिलिंडरला टोपी लावली. मग जाळ्या, टोप्या, ताटल्या, नॉब सुटे केले. मिक्सिंग नळ्यांच्या तोंडाशी आणि नॉबांच्या दांड्यांभोवती कोरड्या फडक्याचे बोळे बसवले, कारण सोड्याचं पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं तर तिथलं ग्रीस धुऊन जातं आणि नॉब जड होतो.

जाळ्या. मागल्या दारच्या चुलीवर स्टीलच्या तपेल्यात ५ लिटर पाणी, ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन चमचे साबण. ॲल्युमिनियमचं तपेलं इथे चालत नाही. पाण्याला बारीक उकळी आली की जाळ्या सोडल्या. त्या पूर्ण बुडत नव्हत्या, म्हणून ४० मिनिटांनी उलटल्या आणि आणखी ४० मिनिटं ठेवल्या. पाणी आधी चहासारखं, मग कोळशाच्या पाण्यासारखं झालं आणि कडेला फेस धरला. तो फेस म्हणजे जुन्या तेलाचाच साबण. बाहेर काढून, हाताला सोसेल इतपत निवल्यावर सोडणाने घासलं तेव्हा थर चिखलासारखा सरकला. कोपऱ्यांतलं खरपुडं करवंटीच्या कडेने काढलं. करवंटी प्लॅस्टिकपेक्षा टणक आणि स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे खरवडते पण ओरखडा काढत नाही. जिथे इनॅमलचा टवका उडून लोखंड उघडं पडलं होतं तिथे धुतल्याबरोबर पुसून तेलाचं बोट फिरवलं. जूनच्या हवेत उघड्या लोखंडाला गंज चढायला एक रात्र पुरते.

शेगडीचा पत्रा. पत्रा बुडवता येत नाही, म्हणून पाणी त्याच्यावर थांबवावं लागतं. १ लिटर कढत पाण्यात ६० ग्रॅम सोडा विरघळवून त्यात फडके भिजवले, ठिबकणार नाहीत इतके पिळले आणि थरावर पसरून अंथरले. वरून प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ऊब आणि ओल दोन्ही टिकतात. २५ मिनिटांनी फडके पुन्हा गरम पाण्यात बुडवून बदलले. असं तीनदा. हाताने घासण्याचं काम एकूण दहा मिनिटांचं होतं, बाकी सगळं भिजण्याचं.

पहिला फडका उचलला तेव्हा खालचा थर लालसर तपकिरी दिसत होता, फडक्यावर कुंकवासारखे डाग. काकूंच्या सूनबाई दचकल्या, त्यांना पत्रा गंजला असं वाटलं. तो गंज नव्हता, हळद होती. अल्कलीत हळद लाल होते, हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. तळणाच्या माशाला लावलेली हळद आठ महिने थरात साठलेली होती. हा लाल रंग फार कामाचा: सोडा थरात कुठपर्यंत मुरला ते तो दाखवतो. जिथे थर अजून पिवळा किंवा तपकिरीच आहे तिथे फडका आणखी ठेवायचा. शेवटी लिंबाचं पाणी फिरवल्यावर डाग परत पिवळे झाले की तिथला सोडा मारला गेला असं समजायचं.

बर्नरला टेकलेल्या शेवटच्या कड्यासाठी खायच्या सोड्याचं दाट वाटण केलं, तीन भाग सोडा, एक भाग पाणी. इथे तो सोडा म्हणून कमी आणि मऊ घासपूड म्हणून जास्त उपयोगी पडतो, त्याची अल्कली धुण्याच्या सोड्यापेक्षा बरीच सौम्य आहे. भाताच्या तुसाची राख या जागी वापरू नये. तिच्यात सिलिका भरपूर असते, लोखंडी तव्याला ती चालते, स्टीलची आणि काचेची मात्र झिलई उडवते.

थर निघाल्यावर बर्नरभोवती निळसर-सोनेरी झाक राहिली. ती मळाची नाही. तापून स्टीलवर चढलेला ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आहे, सोड्याने जात नाही आणि घालवायची गरजही नाही. घासणीच्या गंजाच्या ठिपक्यांवर लिंबाचा रस पाच मिनिटं ठेवला आणि पुसला, ते गेले.

पितळी टोप्या साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळल्या. मग प्रत्येक भोकातून हीर घातला. हीर लवचिक असतो, भोक मोठं करत नाही, आणि नवा असला तर आत मोडत नाही. त्यानंतर चिंचेच्या कोळात दहा मिनिटं, जास्त नाही: आम्लात फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि टोपी तांबूस, ठिसूळ व्हायला लागते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, वापरायचं तर लगेच धुवावं, त्यात मीठ असतं.

आणि जाळ पिवळाच

सगळं परत बसवलं. रेग्युलेटर लावून जोडांवर साबणाचा फेस फिरवला, बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही. सिलिंडरच्या रबरी नळीवर छापलेलं वर्षही पाहिलं, सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षांचं धरतात. शेगडी पेटवली, मधला बर्नर निळा, डावा आणि उजवा पिवळे.

अशा वेळी सगळ्यात मोठी चूक होते ती जेटमध्ये सुई घालण्याची. जेट म्हणजे मिक्सिंग नळीत वायू सोडणारं बारीक तोंड, त्याचं भोक एक मिलिमीटरहूनही लहान असतं. त्याचा व्यास नुसता १० टक्के वाढला तरी क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, तितका वायू जास्त येतो आणि त्याच्याजोगी हवा मिळत नाही. एका माप वायूला पूर्ण जळायला पंचवीस-तीस मापं हवा लागते, म्हणून पारडं लगेच कलतं. सुई घातलेला जेट मग बदलावाच लागतो.

त्याऐवजी एक साधी परीक्षा घेतली. पाणी भरलेली स्वच्छ स्टीलची वाटी प्रत्येक बर्नरवर दोन मिनिटं ठेवली.

डाव्या बर्नरवर वाटीचं बूड स्वच्छ राहिलं. जाळाची आतली निळी टोकं नीट दिसत होती, त्यांच्यावर नारिंगी झुळका येत होत्या. काजळी नाही म्हणजे वायू पूर्ण जळतोय, रंग दुसऱ्या कशाचा तरी आहे. तो सोडियमचा होता. धुण्याचा सोडा, खायचा सोडा, मीठ, तिन्हींत सोडियम असतं आणि त्याचा कणभर अंश जाळाला केशरी करतो. टोप्या शेवटी अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने धुतल्या होत्या, आणि किनाऱ्यालगतच्या या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. पिण्याच्या गोड्या पाण्याने टोपी आणि तिची बैठक पुन्हा धुतली, कोरड्या तव्यावर मंद तापवून वाळवली. दहा मिनिटं पेटता ठेवल्यावर जाळ निळा झाला. समुद्राकडून जोराचा वारा असला तर खिडकीशेजारच्या बर्नरला असा रंग अधूनमधून येतो, त्यात बिघाड काही नसतो.

उजव्या बर्नरवर दोन मिनिटांत वाटीचं बूड काळं झालं. जाळ उंच, मऊ, टोकं पिवळी. भांडी काळी पडण्याची मूळ तक्रार या बर्नरची होती, आणि तळणाच्या थराशी तिचा काही संबंध नव्हता. मिक्सिंग नळी काढून उजेडाकडे धरली तर पलीकडचा गोल अर्धाच दिसत होता. उतू गेलेली पेज टोपीच्या भोकांतून नळीत उतरली होती, तळाशी वाळली होती आणि तिच्यावर फडक्याचे धागे, रवा चिकटत गेले होते. हवेच्या भोकापाशी याच लगद्याची बुच्ची बसली होती. नळी ॲल्युमिनियमची, म्हणून सोडा नाही. कोमट साबणपाण्यात तासभर, मग हिराच्या टोकाला फडक्याची चिंधी बांधून आरपार. पापुद्रे भिजून सहज आले. नळी पूर्ण वाळवणं भाग होतं, आत पाण्याचा थेंब राहिला तर बर्नर फटफट आवाज करत विझतो. बसवताना नळीचं तोंड जेटच्या बरोबर सरळ रेषेत आलं आहे ना हे वाकून पाहिलं. वाटीची परीक्षा पुन्हा घेतली, बूड स्वच्छ.

नळी साफ करूनही काजळी थांबली नसती तर जेट पाहायला मिस्त्रीला बोलवावं लागलं असतं. वायूचा वास आला तर मात्र मिस्त्रीची वाट पाहायची नाही: रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन.

पुढचा हंगाम

तळण संपल्यावर शेगडी कोमट असतानाच गरम पाण्यात पिळलेलं फडकं आणि साबणाचा एक थेंब. तेल अजून तेल असतं, दोन मिनिटांत निघतं. तेच चार दिवस राहिलं तर चिकटा, महिना राहिलं तर काकवी. मासा कढईत किंवा तव्यावर सोडण्याआधी पाणी निथळलेलं आणि जादा रवा झटकलेला हवा, शिंतोडे आणि खरपुडं दोन्ही कमी होतात. जाळ्या दर आठवड्याला रात्रभर सोड्याच्या पाण्यात, लिटरला ३० ग्रॅम. काही जण मळ बसू नये म्हणून बर्नरभोवती ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतात, ती बर्नरला खालून मिळणारी हवा अडवते, म्हणून टाळावी.

पेजेचं तपेलं आता मधल्या लहान बर्नरवर गेलं आहे, तिथे ती हळू शिजते आणि क्वचितच उतू जाते. ताटल्या नव्या आणल्या, स्टीलच्या. नॉबांखालचे खड्डे तसेच आहेत, तिथे फक्त कोरडं पुसायचं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की तळण पुन्हा सुरू होईल, त्याच्या आदल्या दिवशी उजवी नळी काढून उजेडाकडे धरून पाहायची आहे. पावसाळ्यात वापर कमी असताना कोळी आणि कुंभारीण माशी अशा नळ्यांमध्ये हटकून घरं करतात.